अस्तराची पिशवी: अस्तराला झोळ पडतो आणि बंदांवर मशीन टाके सोडतं

कापडचोपड

मंडळी, नमस्कार. जाड कॅनव्हासची, आतून अस्तर असलेली, खांद्याला अडकवायची साधी पिशवी शिवली आहे. चेन नाही, बटण नाही, दोन बंद आणि चौकोनी तळ. बाहेरून बघणारा नावाजतो. आत हात घातला की मात्र वेगळीच गोष्ट. अस्तराला इतका झोळ आहे की किल्ल्या त्याच्या घड्यांत जाऊन बसतात आणि मी रस्त्यात उभी राहून पिशवी चाचपत असते.

माप अगदी सरळ घेतलं होतं. बाहेरच्या कॅनव्हासचे दोन तुकडे ४७ सेमी रुंद, ४२ सेमी उंच. अस्तराचेही तेच, त्यावरच ठेवून कापलेले. सगळीकडे १ सेमी माया (शिलाईच्या बाहेर सोडलेलं कापड). खालच्या कोपऱ्यांतून ५ सेमीचे चौकोन कापून तळ केला. अस्तराच्या तळाशी फट ठेवून तिथून पिशवी सुलट केली, वरून तोंडाला टीप मारली.

आता तीन प्रश्न:

अस्तर लहान कापायचं का? कापलं तर तोंडाशी कॅनव्हासबरोबर जुळणार कसं?

तोंडाच्या कडेला मधूनमधून अस्तर बाहेर डोकावतं. ते का?

बंद जिथे जोडले आहेत तिथे वरची टीप मारताना मशीन नुसतं धडधडतं. दोन टाके पडतात, तीन सुटतात. मशीन घरगुतीच आहे, सुई १४ नंबर.

आणि हो, पिशवी उसवायची माझी अजिबात इच्छा नाही. हिलाच ठीक करता आलं तर बघा.

टाचणी

शिवण्याआधी कापड धुतलं होतं का? सुती कॅनव्हास मीटरमागे ३-४ सेमी सहज आटतो. बाहेरचा आटला आणि आतला तसाच राहिला की झोळ येणारच.

कापडचोपड

अस्तर धुतलेलं होतं, कॅनव्हास नव्हता. पण पिशवी अजून पाण्यात गेलेलीच नाही. झोळ पहिल्या दिवसापासूनचा आहे.

टाचणी

मग झोळाचं कारण ते नाही. पण पिशवी धुवाल तेव्हा हा झोळ अजून वाढेल हे धरून चाला. गरम पाणी तर लांबच ठेवा.

जुनीशिवण

कापडचोपडताई, तुमचं माप चुकलेलं नाही. अस्तर बाहेरच्या कापडाएवढंच आहे, आणि नेमकं तेच त्याचं दुखणं आहे. आत बसणारी वस्तू बाहेरच्या वस्तूएवढी असून कसं चालेल? तुमची पिशवी उभी केली की चार कोपऱ्यांची पेटी होते. कॅनव्हास पाऊण मिलिमीटर जाड धरा. अशा पेटीचा आतला घेर बाहेरच्या घेरापेक्षा जाडीच्या आठपट कमी असतो, म्हणजे सुमारे ६ मिमी. शिवाय बाजूच्या शिलायांची माया आतच वळलेली असते, ती आणखी जागा खाते. म्हणजे शिवण अगदी नीट असली तरी सेंटिमीटरभर कापड जास्तीचं होतं, आणि ते जाणार कुठे? गोळा होऊन तळाशी बसतं.

म्हणून अस्तर घेरात साधारण १ सेमीने कमी हवं. पण ते कापताना कमी करू नका. कापा तेवढंच, ४७ रुंद, आणि शिवताना कमी करा. बाजूच्या शिलाईला तोंडाशी १ सेमीच माया ठेवा, पहिले ४-५ सेमी खाली येता येता ती हळूहळू १.३ करा आणि पुढे तळापर्यंत १.३ च ठेवा. दोन्ही बाजूंना मिळून घेर १.२ सेमीने कमी झाला. तोंड मात्र जसंच्या तसं राहिलं, त्यामुळे कॅनव्हासला बिनतक्रार जुळतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचा दुसरा भाग इथे सुटला. रेषा खडूने आखून घ्या, नजरेच्या भरवशावर ३ मिमी उतरत नाहीत.

उंचीत अस्तर अर्धा सेमी कमी कापायचं, म्हणजे ४१.५. तळाच्या शिलाईलाही १.३ माया घेतली की एकूण ८ मिमी आखूड होतं. इथे हात आवरता ठेवा. काही जण झोळाच्या धास्तीने अस्तर दोन-तीन सेमी आखूड करतात. तसं केलं की आत टाकलेलं वजन कॅनव्हासच्या तळावर टेकतच नाही, ते अस्तरात लटकतं. पातळ अस्तर आणि तोंडाची शिलाई यांच्यावर सगळा भार येतो आणि एक दिवस अस्तराची शिवण तळाशी उकलते. झोळ परवडला.

कोपऱ्याच्या चौकोनाबद्दल थोडं विषयांतर करते, कारण याच्यावर लोक फार डोकं खाजवतात. चौकोन कापडाच्या कच्च्या कडेपासून ५ सेमी मोजला आणि बाजूच्या, तळाच्या व कोपऱ्याच्या तिन्ही शिलाया सारख्याच मायेने मारल्या, तर तळाची रुंदी नेमकी १० सेमी येते. माया १ असो वा १.३. कारण बाजूला आणि तळाला जेवढी माया गेली तेवढीच कोपऱ्याच्या शिलाईत परत मिळते. म्हणून अस्तराच्या कोपऱ्यांनाही १.३ चीच टीप मारा, वेगळा चौकोन कापत बसू नका. कोपरा जुळवताना बाजूची शिलाई आणि तळाची शिलाई बरोब्बर समोरासमोर आणा. एकीची माया एका अंगाला आणि दुसरीची दुसऱ्या अंगाला वळवली की दोन्ही शिलाया एकमेकींत अडकून बसतात, बोटाला कळतं. कॅनव्हासच्या बाबतीत मी माया वळवत नाही, फाकवून इस्त्री करते, नाहीतर तिथे गाठ तयार होते.

आता तुमची तयार पिशवी. तोंड उसवायची गरज नाही. फक्त अस्तराच्या तळाची फट उसवा. त्या फटीतून सगळा कॅनव्हास बाहेर ओढून घ्या. पिशवी पुन्हा उलटी होईल आणि अस्तराची उलटी बाजू बाहेर, तुमच्या समोर. तोंडावरची टीप आहे तिथेच राहू दे. आता जुन्या टिपेच्या आत ३ मिमीवर नवी टीप: तोंडापासून ४-५ सेमी खाली जुन्याच टिपेवर सुरुवात करा आणि हळूहळू आत सरका. कोपऱ्यांना तशीच. तळाला थोडी जास्त, जुन्या टिपेपासून ६-७ मिमी वर, कारण तुमचं अस्तर उंचीत कमी कापलेलं नाही. फटीची जागा सोडून. मग पिशवी सुलट करून फट बंद करा. जुनी टीप उसवलीत तर उत्तम, नाही उसवलीत तरी ती मायेत लपते.

फट ठेवताना हे बघा: फटीच्या दोन्ही टोकांना उलटसुलट टीप मारून शिलाई पक्की केलेली हवी. जाड कॅनव्हास ओढताना पहिला ताण तिथेच येतो. फट १५ सेमीची ठेवा. ८-१० सेमीतून अशी पिशवी बाहेर काढताना घाम फुटतो.

अस्तर डोकावतं ते इस्त्रीमुळे. तोंडाची शिलाई झाली, पिशवी सुलट केली, की लगेच टीप मारायला धावायचं नाही. कड दोन बोटांच्या चिमटीत धरून अंगठ्याने थोडी आत लोळवायची, म्हणजे कॅनव्हास मिलिमीटर-दीड मिलिमीटर आतल्या बाजूला उतरेल आणि शिलाई बाहेरून दिसणार नाही. तशीच धरून इस्त्री. थोडं पुढे सरका, पुन्हा तेच. पूर्ण फेरी झाल्यावर चिमटे लावा आणि मग टीप. अस्तर जर बुळबुळीत असेल तर आणखी एक पायरी: तोंडाची सगळी माया अस्तराकडे वळवून अस्तरावरून, शिलाईच्या अगदी कडेने एक टीप. ती बाहेरून दिसत नाही आणि अस्तराला डोकं वर काढू देत नाही. बंदांच्या जागी ती टीप सोडून दिली तरी चालतं.

बंदांचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, मशीनचा विषय आहे आणि तो मला जिव्हाळ्याचा आहे.

जुनीशिवण

हं, तर बंद.

आधी पदर मोजा. बंद चार पदरी, १० सेमीची पट्टी दुमडून दुमडून अडीच सेमी केलेली. तोंडाला वरून टीप मारता तेव्हा सुईखाली काय येतं? बाहेरचा कॅनव्हास एक, त्याची आत वळलेली माया एक, बंदाचे चार, अस्तराची माया एक, अस्तर एक. आठ पदर, त्यातले सहा कॅनव्हासचे. घरगुती मशीनला हे जड जातं, पण अशक्य नाही.

टाके का सुटतात ते समजलं की उपाय आपोआप सुचतो. सुई खाली जाऊन वर यायला लागते, त्या क्षणी तिच्या मागे धाग्याचा छोटा फास तयार होतो आणि शटलचं, म्हणजे खालच्या बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाचं, टोक तो फास पकडतं. जाड कापड सुईला घट्ट धरून ठेवतं, सुईबरोबर कापडही किंचित वर उचललं जातं, आणि फास तयारच होत नाही. शटलचं टोक रिकामं फिरून जातं. तो तुमचा सुटलेला टाका. प्रेसर फूटने कापड सपाट दाबून धरलं तर हे होत नाही. पण बंदावर चढताना फूटचं नाक वर जातं, शेपूट खाली राहते, आणि दाब असतो कुठे तर जिथे सुई नाही तिथे.

तेव्हा फूट सपाट ठेवायचा. बंदाच्या जाडीएवढी कॅनव्हासच्या तुकड्याची घडी करा. फूट बंदावर चढायला लागला की सुई कापडात रुतवून ठेवा, फूट उचला, ती घडी फूटच्या शेपटीखाली सरकवा, फूट खाली. आता तो सपाट बसला. दोन-चार टाके पुढे गेलात की घडी आपली मागे पडते. उतरताना उलट, घडी नाकाखाली. एवढंच करून निम्मे टाके सुधारतात.

सुई बदला. तुमची १४ नंबर म्हणजे ९०, सुईची जाडी ०.९ मिमी. या कामाला १६ नंबर म्हणजे १०० घ्या, १ मिमीची. डेनिमची मिळाली तर तीच. आणि नवी घ्या. बोथट सुई टप् टप् असा आवाज करत कापडात शिरते, नव्या सुईचा आवाज येत नाही. टाका ३ ते ३.५ मिमी लांब. बारीक टाक्यांनी जाड कापडाला एकाच रेषेत भोकं पडत जातात आणि तिथेच ते फाटतं. धागा पॉलिस्टरचा. बंदाच्या जागी मोटर नको, पायही नको, हातचाक फिरवा. एक एक टाका. कंटाळा येतो, पण सुई मोडत नाही.

शिवाय शिवण्याआधी ती जागा ठोकून घ्या. खरंच, हातोडीने. पिशवी पक्क्या लाकडावर ठेवायची, वर कापडाचा तुकडा, आणि बंदाच्या जागी पाच-सात बेताचे ठोके. आठ पदर चेपून पातळ होतात आणि सुई निमूट जाते. शेजारी विचारतात काय चाललंय, ते सोडा.

पुढच्या पिशवीला बंदच हलके करा. नवारीची सुती पट्टी एकपदरी वापरली तर आठाचे पाच पदर होतात. किंवा चार पदरी बंदाची टोकं उघडून तेवढ्यापुरते आतले पदर कापून टाका. बंदाचं टोक कॅनव्हासच्या कडेच्या दोन सेमी वर निघू द्या, अगदी कडेला बरोबर ठेवू नका, ओढीला तेच तग धरतं. आणि बंदाची जागा तोंडाच्या मध्यापासून मोजा. मध्यापासून दोन्हीकडे साडेसात सेमीवर बंदाचा मध्य. बाजूच्या शिलाईपासून मोजायला गेलात तर शिलाईतला फरक बंदात उतरतो आणि पिशवी खांद्यावर एका अंगाला कलते. टाचण्या लावल्यावर बंद पिळला गेलेला नाही ना तेही बघा, शिवल्यावर कळून उपयोग नसतो.

बॉबिनवाला

जुनीशिवण यांचं सगळं मान्य, पण फटीतून सुलट करायचा हा सोसच कशाला? मी दोन पिशव्या वेगवेगळ्या शिवतो, एक कॅनव्हासची, एक अस्तराची. दोघांच्या तोंडाची दोन सेमी कड आत दुमडून इस्त्री. अस्तर उलटंच ठेवून कॅनव्हासच्या पिशवीत सोडायचं, कडा जुळवायच्या, बंदांची टोकं मध्ये सरकवायची आणि वरून दोन टिपा, एक कडेला, एक दीड सेमी खाली. झालं. फायदा असा की शिवण्याआधी आत हात घालून बघता येतं. अस्तर मोठं वाटलं तर कड थोडी जास्त दुमडायची. मिलिमीटरचं गणित कोणाला हवंय? आणि अस्तराची कड मी कॅनव्हासच्या कडेपासून दोन-तीन मिमी खालीच ठेवतो, म्हणजे डोकावण्याचा प्रश्नच मिटला.

जुनीशिवण

पद्धत चांगली आहे, जाड कापडाला विशेष. पण कड जास्त दुमडून तुम्ही उंची कमी करता, घेर नाही. बाजूचा झोळ तसाच राहतो. आणि अस्तर जास्त रुंद असेल तर टीप मारता मारता शेवटी एक चुणी हातात येते, ती लपवायला जागा नसते. बाजूची १.३ ची माया तुमच्या पद्धतीलाही हवीच.

बॉबिनवाला

चुणी येते खरी. मी ती बाजूच्या शिलाईवर ढकलतो. तिथे कोण बघतंय!

जुनीशिवण

मी बघते.

टाचणी

कॅनव्हास कुठल्या वजनाचा आहे, ताई? घरगुती मशीनवर ८ ते १० औंसापर्यंत बरं चालतं. चौरस वाराला १० औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४० ग्रॅम. १२ औंसाच्या पुढे हातोडी, घडी, सगळं करूनही मशीनचा जीव जातो.

कापडचोपड

बहुधा १० औंसच. सगळ्यांचे आभार. फट उसवून जुनीशिवण यांनी सांगितल्याप्रमाणे अस्तर आत घेतलं. बाजूचा झोळ गेला. तळ आता हाताने चाचपला तर कापड कॅनव्हासला लागून बसलेलं जाणवतं. फूटखाली घडी सरकवण्याची युक्ती जादूची आहे. पुढच्या बंदाला सगळे टाके पडले. मागच्या बंदावर एक सुटला, तो हाताने भरला. हातोडी वापरलेली नाही, घरचे आधीच माझ्याकडे संशयाने बघतात.

आता हाव सुटली आहे. आत कप्पा हवा, किल्ल्यांसाठी. तयार पिशवीत लावता येईल का? आणि जड पुस्तकं टाकली की तळ मधोमध खाली येतो, त्याला काय करता येईल?

जुनीशिवण

कप्पा लावता येईल, फट अजून बंद केली नसेल तर. फटीतून अस्तर बाहेर काढून फक्त अस्तराच्या एका पदरावर शिवायचा, कॅनव्हास दूर ठेवून. १८ बाय ३० सेमीचा तुकडा घ्या, सुलट बाजू आत ठेवून घडी घाला म्हणजे १८ बाय १५ होतो. तीन कडा शिवा, एका कडेला सुलट करण्यापुरती जागा सोडा, सुलट करून इस्त्री. घडीची बाजू वर. अस्तरावर तोंडापासून ७-८ सेमी खाली ठेवून दोन बाजू आणि तळ शिवला की सुलट करायची जागाही त्यातच बंद होते. वरच्या दोन्ही कोपऱ्यांना छोटा त्रिकोण शिवा. किल्ल्या ओढताना पहिली फाटते ती तीच जागा. आणि ज्या ठिकाणी कप्पा येईल तिथे अस्तराच्या मागून हातभर नको, चार बोटं रुंद बक्रमची (कापडाला कडकपणा देणाऱ्या अस्तराची) पट्टी चिकटवा. नाहीतर किल्ल्यांच्या वजनाने अस्तर पुन्हा लोंबेल, आणि तुम्ही पुन्हा मलाच विचाराल.

फट बंद केली असेल तर पुन्हा उसवा. ती त्यासाठीच असते.

बॉबिनवाला

तळासाठी: अस्तराच्याच कापडाची एक चपटी खोळ शिवा, तीन बाजू बंद, एक उघडी. तळ १० बाय ३५ सेमीचा आहे, तर आतला पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकचा पत्रा ९.५ बाय ३४ कापा, कोपरे गोल करा नाहीतर अस्तराला भोक पाडतात. खोळीत घालून नुसता तळाशी ठेवायचा, शिवायचा नाही. पिशवी धुताना काढता येतो. पुठ्ठा असेल तर काढावाच लागेल. प्लॅस्टिकच बरं.

टाचणी

आणि धुताना अस्तर बाहेर ओढून, उलटी करून वाळत घाला. आतल्या कोपऱ्यांत ओल राहते, कॅनव्हासला वास लागतो.

कापडचोपड

फट कालच बंद केली होती. उसवते.